राहिलेला खड्डा

शेफिकाने फाटक ढकललं आणि न विचारताच बाकावर बसली. कर्नल रादिवोयेने घाईघाईने कॉफीचं भांडं चुलीवर चढवलं. हेगच्या न्यायालयाने युद्धगुन्ह्यांसाठी दिलेली शिक्षा भोगून तो गावात परतला, त्याला महिना झाला होता. एवढ्या दिवसांत दारात आलेलं माणूस हे पहिलंच.

त्याच्या जनरलने न्यायालयात एक अक्षर कबूल केलं नव्हतं. जनरल सुटून आला तेव्हा चौकात बँड वाजला, अख्खी मेंढरं भाजली गेली. रादिवोये मात्र बोलला होता. माणसं मारायला न्यायच्या बस कुणी मागवल्या, डिझेल कुणी दिलं, पुरलेली माणसं उकरून ट्रकमधून दुसरीकडे कुणी नेली, सगळं. त्याची शिक्षा निम्मी झाली आणि गावाने त्याला वाळीत टाकलं. इथल्या लोकांना खून पचतो, कबुली पचत नाही.

"तुम्ही तरी आलात, वहिनी," तो म्हणाला. "आमचे लोक तर मला बघून वाट बदलतात."

"तुझ्या कॉफीसाठी नाही आले. माझ्या पोराची, नेजादची, एक मांडी आणि अर्धा जबडा सापडलाय. दरवर्षी सापडलेल्यांचं एकत्र दफन होतं, तेव्हा अधिकारी विचारतात, एवढंच पुरायचं का? बाकीचं पोर कुठे टाकलंस?"

"सगळे खड्डे सांगितलेत मी."

"सगळे?"

कॉफी उतू गेली. त्याने भांडं उचललं नाही.

"एक राहिला," तो म्हणाला. "तिथे आमच्या लेकीने, गोर्दानाने, घर बांधलंय. तिला काही ठाऊक नाही. पोर रस्त्यावर येईल, वहिनी."

"आणि माझं?"

शेफिका उठली.

"चल माझ्याबरोबर. तुझ्या तोंडाने सांग तिला."

"तीही बोलत नाही माझ्याशी. म्हणते, बाबा, तुम्ही तोंड उघडायलाच नको होतं."

"ऊठ म्हणते ना!"

मी फक्त हुकूम पाळले, असं न्यायालयात घसा कोरडा पडेस्तोवर सांगणारा कर्नल या हुकमाला जागचा हलला नाही.

मग ती एकटीच टेकाड उतरली. गोर्दाना अंगणात आलुबुखाराच्या झाडाखाली चादरी वाळत घालत होती. शेफिका फाटकाशी थांबली, वाकली आणि पायातले बूट काढू लागली.

"अहो मावशी," गोर्दाना हसली, "बूट दारात काढायचे. इथे नुसती माती आहे."