भाषणापुरती बंद केलेली हवा

मी एक जुना गाळ आहे. मुरडलीत नाकं? मुरडा, मला सवय आहे. आखातातल्या मुहैस्नाहच्या एका लेबर कॅम्पमधलं, म्हणजे मजुरांच्या वस्तीतलं, सांडपाणी जिथे साफ होतं, तिथल्या टाकीत मी राहतो. डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी जिवाणू आणि त्यांना खाऊन जगणारे इवले जीव मिळून मी झालो आहे.

मित्रांनो, माझ्या घराण्याची चौकशी करू नका. माझे काही जिवाणू मातीतून आले, काही तर तुमच्याच पोटातून. ही टाकी नवी होती तेव्हा उम्म अल कुवैन गावच्या अशाच एका सांडपाण्याच्या प्लांटमधला गाळ टँकरने आणून इथे ओतला, दुधाला विरजण लावतात तसा. तेव्हापासून मी राबतो आहे. दिवसभर बांधकामावर घाम गाळून आलेली माणसं आंघोळ करतात, कपडे धुतात, भांडी घासतात. ते सगळं पाणी माझ्याकडे येतं आणि त्यातली घाण मी खातो. पोट भरलेले माझे जिवाणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके पुढच्या टाकीत तळाला बसतात आणि वर नितळ पाणी उरतं. त्यावर कॅम्पमधले कडुनिंब जगतात. सुट्टीच्या दिवशी माणसं त्यांच्या सावलीत बसून घरी फोन लावतात. माझं नाव कोणी घेत नाही, पण त्याचा मला कधी राग आला नाही.

मला एकच गोष्ट लागते, हवा. ब्लोअर नावाचं यंत्र नळ्यांतून टाकीच्या तळाशी हवा सोडतं. त्याच्या घरघरीने तुमच्या कानठळ्या बसतात, पण तोच माझा श्वास आहे.

राग आला तो माझा सत्कार झाला तेव्हा!

कंपनीने पर्यावरणाचा कार्यक्रम ठेवला, तोही थेट माझ्या टाकीशेजारी. मांडव घातला, लाल गालिचा अंथरला, माझं रंगीत चित्रही लावलं. प्लांटचे इंजिनीअर सुरेशसाहेब माइक धरून मिरवत होते. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले आणि ब्लोअरपुढे त्यांचा शब्द ऐकू येईना. साहेबांनी घाईघाईने ऑपरेटर हमदुल्लाला बोलावलं.

"हमदुल्लाभाई, ब्लोअर बंद करा. गेस्टचं स्पीच होईपर्यंतच."

"करतो, सर."

"यल्ला, लवकर!"

घरघर थांबली. पाहुणे म्हणाले, हे सूक्ष्म जीव म्हणजे आपले न दिसणारे कामगार, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्या टाळ्यांखाली मी गुदमरत होतो! उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात हवा आधीच कमी मावते. भाषणानंतर फोटो झाले, फोटोंनंतर बिर्याणी. सगळे हात धुऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, त्यामुळे कोणी फिरकलंच नाही.

आधी गेले देठावर उभे राहणारे माझे घंटेसारखे इवले जीव. सुटे जिवाणू टिपून पाणी नितळ करायचे ते. मग जिवाणू मरू लागले. हवा न लागणाऱ्यांनी त्यांची जागा बळकावली. माझा मातकट वास गेला आणि सडक्या अंड्यांचा वास सुटला. तपकिरी होतो, तो काळा पडलो.

सुट्टी संपल्यावर सुरेशसाहेब नाक दाबून आले.

"हमदुल्लाभाई, ब्लोअर चालू नाही केलात?"

"मला वाटलं सर, तुम्ही सांगाल."

"आणि मला वाटलं, तुम्ही केलाच असेल!"

वाटलं! तुमच्या या वाटण्यापायी माझे जीव तडफडून मेले. ब्लोअर सुरू झाला, पुंजक्यांत दडलेले थोडे जिवाणू वाचले, पण माझं पाणी गढूळच राहिलं. झाडांना ते देता येईना. कडुनिंब वाळले, पानं गळाली. माणसं रखरखत्या उन्हात उभी राहून घरच्यांना फोनवर सांगत राहिली, "सब ठीक है." ते ऐकून मला माझ्या मरणाहून जास्त संताप आला.

साहेब मात्र टाकीत डोकावून म्हणाले, "हा गाळ खलास झाला. नवा टँकर मागवू." आणि पुढच्या वर्षी याहून मोठा कार्यक्रम करायचा बेत आहे म्हणे.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन साहेब व्हाल, पाहुणे व्हाल. मला हार नको, चित्र नको. माझं कौतुक करायचंच असेल, तर ब्लोअर चालू ठेवून घसा फोडून करा. एक शब्द ऐकू आला नाही तरी चालेल.