उरलेले थेंब

कपाशीच्या पऱ्हाटीतून रानडुकराच्या मागं धावताना भुरीच्या डाव्या डोळ्यात काडी घुसली. एक डोळा मिटून, पंजानं चोळत कुत्री दारात आली, तेव्हा तनुजा चार महिन्यांच्या लेकीला पाजत होती. नवरा, धीरज, वांगी घेऊन शेलूबाजारला गेलेला.

"माह्या मोतीबिंदूचे थेंब उरले हायत नं," सासूबाई, गोजराबाई, म्हणाल्या. "महागाचे हायत, फेकाचे कायले? टाक तिले."

तनुजानं टाकले. दिवसातून चारदा, आधी लेकीचं दूध, मग भुरीचा डोळा. दोन दिवसांत लाली उतरली. "आमची सून त डाक्टरीनबाई निंगाली वं!" गोजराबाई शेजारच्या बेबीबाईला सांगत सुटल्या. तनुजा लाजली. या घरात आल्यापासून तिच्या हातानं बरं झालेलं हे पहिलंच काही.

पाचव्या दिवशी डोळ्यावर साय धरली. धीरजनं भाजीच्या गाडीत घालून सगळ्यांना जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी डोळ्याला रंगाची पट्टी टेकवली. बुबुळावर जखमेच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा डाग उमटला. मग त्यांनी तनुजाच्या हातातली कुपी घेऊन वाचली.

"कोनं टाकले हे?"

"मीच. मले वाटलं, मानसाले चालते त..."

"याच्यात स्टेरॉइड हाय, ताई. लाली घालवते, पन ओरखडा भरू देत नाही. वरून बरा दिसला, आतून पोखरत गेला. पयल्या दिवशी आनलं असतं त आठवड्यात भरला असता."

"अन् आता?"

"हे नवे थेंब, दर दोन घंट्यानं. चोळू नाही म्हनून गळ्यात हे प्लास्टिकचं नरसाळं. बुबुळ फुटलं त डोळा काढा लागन."

घरी आल्यावर गोजराबाईंनी जुनी कुपी उकिरड्यावर भिरकावली. "मीच म्हनलं होतं तुले," एवढंच बोलल्या अन् चुलीकडे वळल्या. तनुजाला वाटलं, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवी कुपी घेऊन ती ओसरीवर बसली. भुरीनं गुरगुरावं, चावावं, निदान पळून तरी जावं. पण नरसाळं दाराला आपटत भुरी आली, आणि तिच्यापुढं तोंड वर करून उभी राहिली. आत लेक रडायला लागली. थेंब पडेपर्यंत भुरी जागची हलली नाही.