बिजलीबनच्या राजाचा हात

माझं नि भागीरथाचं लग्नानंतरचं पहिलं भांडण एका जंगलच्या पिक्चरवरून झालं, आणि ते कधी मिटलंच नाही. वणीच्या जत्रेत, तंबूच्या टॉकीजमध्ये आम्ही 'बिजलीबन का राजा' पाहिला होता. रबराची मगर, पेंढा भरलेला वाघ, वेलींना लोंबकळणारा हिरो. आमच्याशिवाय तो पिक्चर कोणाला आठवतही नाही. मी म्हणायचो, हिरोनं वाघावर भाला डाव्या हातानं फेकला. ती म्हणायची, उजव्या.

यंदा पेरणीच्या तोंडावर दुसरं भांडण लागलं. कापसाच्या पडलेल्या भावानं गावातले चेहरे उतरले होते. भागीरथा म्हणाली, "औंदा तूर पेरा." मला मात्र कापसाच्या पऱ्हाटीशिवाय वावर बघवत नाही.

तेवढ्यात नात प्रेरणा दारव्ह्याच्या बाजारातून त्याच पिक्चरची सीडी घेऊन आली.

"आता होऊनच जाऊ द्या," भागीरथा म्हणाली. "डावा निंघाला तं पऱ्हाटी, उजवा निंघाला तं तूर."

"पक्कं?"

"पक्कं. मंग तोंड नोका पाडू."

जेवणं उरकून टीव्हीसमोर बसलो. पडद्यावर नाव आलं. पन्नाशीनंतर साक्षरता वर्गात गेल्यापासून दिसेल ते मी मोठ्यानं वाचतो. "बि-ज-ली-ब-न..."

"वाचून काय राह्यले, हात पाहा!"

वाघ आला. भाला सुटला. उजव्या हातानं.

"पुन्हा लाव," मी प्रेरणाला म्हणालो.

पुन्हा उजवाच. आणि वाघसुद्धा मला आठवत होता त्याच्या दुसऱ्याच बाजूनं आला! मग माझ्या डोक्यात काहीतरी हललं.

"भागीरथा, तू तवा कोठी बसली होती?"

"बायांत. मशीनच्या बाजूनं."

तंबूत पडदा मधोमध टांगलेला, आणि मी बाप्यांत, पडद्याच्या पलीकडे. मागून सगळंच उलटं दिसणार. नावाची अक्षरंही उलटीच दिसली असतील, पण तेव्हा मला सुलटं अक्षर तरी कुठं ठाऊक होतं?

"म्हंजे मी खोटा नोहतो," मी म्हणालो.

"नोहते. पर तूर पेरा."

 मग ती हसली. "म्हंजे अख्खा पिच्चर आपुन एकमेकाईकडं तोंड करून बसलो होतो."

तूर पेरली. फक्त डाव्या धुऱ्याला, बांधाच्या कडेनं, पऱ्हाटीची एक ओळ लावली. ती उगवल्यावर भागीरथा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे काय?"

"तिकून पाह्य," मी म्हणालो. "तिकून उजवी हाय."