दगड पाहून थांबायचं

"वीतभर. मोज तूच."

उजैरनं माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर हात पसरला. अंगठा एका कडेला, करंगळी दुसऱ्या कडेला. सीट संपली.

"यावर फुई बसणार? जळगाव ते नरडाणा? अबे हितू, यावर मांजर बसत नाही."

"मांजराला कोण बसवतंय?"

"आणि साडीची जाळी कुठंय?"

काढली होती मी. गाडी घेतली त्याच दिवशी. स्पोर्ट्सबाईकला साडीची जाळी म्हणजे पैलवानाला फ्रॉक.

हे सगळं आमच्या कंपनीबाहेरच्या टपरीवर चाललं होतं. आम्ही दोघं ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात, एकाच मशीनवर. शिफ्टमध्ये नळ्या, शिफ्ट सुटली की गाड्या. माझी स्पोर्ट्सबाईक, त्याची ॲडव्हेंचर. तो म्हणतो, आपले रस्ते बघ आणि माझी गाडी बघ, एकमेकांसाठी बनलेत. मी म्हणतो, तुझी गाडी म्हणजे उंटावर बसून भाजी आणायला जाणं. तो म्हणतो, निदान उंटावर कंबर तरी सरळ राहते, तू तर गाडी चालवताना हरवलेला रुपया शोधतोय असं वाटतं.

पण यावेळी विषय खरा होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली होती.

आमच्या खान्देशात आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात. पण अशाच येत नाहीत. भाऊ घ्यायला जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला तर माहेर आहे, नाही आला तर नाही, असा साधा हिशोब. माझी बेबा फुई, म्हणजे आत्या, माझ्या वडिलांची, नानांची मोठी बहीण, नरडाण्याला दिलेली. लग्न झाल्यापासून एकही आखाजी नानांनी चुकवली नाही. डाळमिलमध्ये मिस्तरी होते, रजा मिळो न मिळो, त्या दिवशी नाना नरडाण्याला.

दिवाळीनंतर नानांना झटका आला. बाकी सावरलं, डावा हात राहिला. क्लच दाबला जात नाही. त्यांची छोटी गाडी अंगणात गोधडी पांघरून उभी आहे.

"रेल्वेनं येऊ दे तिला," आई म्हणाली होती. "स्टेशन हाये ना तिच्या गावाले."

नाना त्या रात्री जेवले नाहीत.

मग मीच म्हणालो, मी जातो मुराळी. नानांनी अंगणातल्या माझ्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तिले बिनभाऊची करून नको येऊ," एवढंच.

टपरीवर उजैर म्हणाला, "माझी घेऊन जा."

"नको."

"का पण?"

"सवय नाही."

"अबे गाडी आहे, बायको आहे का?"

शेवटी ठरलं, दोघांनी जायचं. दोन्ही गाड्या. फुईच ठरवेल.

पहाटेच निघालो. धरणगावपर्यंत मी पुढे, झुईं करून. नंतर खड्डे लागले आणि उजैर माझ्या बाजूनं उभा राहून गेला. उभा! पायडलवर उभा राहून, हात हलवत, जसा काय रथयात्रेत. मी मात्र टाकीवर पोट टेकून एकेक खड्डा मनगटात मोजत होतो. अमळनेरच्या एका गतिरोधकावर माझ्या गाडीचं पोट असं खरवडलं की चहाच्या दुकानातले चारपाच जण उठून बघायला आले.

नरडाण्याला फुई ओट्यावर तयार बसलेली. हिरवी साडी, मांडीवर गाठोडं, त्यात सांजोऱ्या. शेजारी खाटेवर तिचे यजमान चिंधामामा तंबाखू मळत.

"ऊना व माय मन्हा मुराळी!" फुईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग उजैरकडे बघितलं. "नि हाऊ कोन?"

"उजैर, फुई. हितूचा दोस्त."

"बठ्ठा फुईच म्हणा, फुकट शे." मग ती माझ्या गाडीपाशी गेली. मागच्या सीटवर बोट ठेवलं. "हाई शीट शे का पोळपाट?"

चिंधामामा खोकून खोकून हसले. उजैर तर भिंतीला टेकला.

तरी तिनं प्रयत्न केला. बसली. बसली म्हणजे सीटनं तिला पुढं घसरवलं आणि ती माझ्या पाठीवर येऊन आदळली. पदर चाकाशी लोंबायला लागला. उतरली.

मग उजैरची गाडी. उंच होती, पण फुई ओट्यावरून सरळ सीटवर. पाय ठेवायला जागा, धरायला कडी, साडीला जाळी. बसल्याबसल्या तिनं कंबर ताठ केली आणि गल्लीभर बघून घेतलं.

"हाई गाडी. चाल रे भो."

उजैर किल्ली घेऊन पुढं झाला.

"तू नही. मुराळी तो शे. मी भाऊना पोऱ्यामांगेच बठसू."

झालं. आता सांगायलाच पाहिजे. मी पाच फूट तीन. सगळ्यांना सांगतो, मला स्पीड आवडतो म्हणून स्पोर्ट्सबाईक घेतली. खरं हे की शोरूममध्ये तिच्यावरच माझे दोन्ही पाय खाली पुरले. ॲडव्हेंचरवर बसलो तर नुसता अंगठा टेकतो, तोही एका वेळी एकाच पायाचा.

बसलो. मागे फुई, मधे गाठोडं, खाली हवा. गाडी थोडी डावीकडे झुकली. मला घाम.

फुई मागून वाकून बघत होती.

"तुन्हा पाय पुरतस का खाले?"

उजैरनं माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांची भांडणं त्याच्या डोक्यात एकदम उलगडली असणार. साला हसला नाही पण. त्याचे उपकार आहेत.

"नाही पुरत," मी म्हणालो.

"मन्हा भाऊना बी पुरेत नही."

मला हे माहीतच नव्हतं. तेव्हा नानांकडे स्वतःची गाडी नव्हती. डाळमिलच्या मालकाची राजदूत मागून आणायचे, फक्त आखाजीला. मिस्तरीची बहीण एसटीत उभी राहून का यावी, म्हणून. आणि त्या राजदूतवरून त्यांचे पाय पुरायचे नाहीत.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. दगड पाहीसन थांबे. चाल, मी सांगस तठे थांब."

डोक्यावर पदर, पदरावर उजैरचं हेल्मेट ("हाई कढई लय जड शे") आणि आम्ही निघालो. मागे उजैर माझ्या गाडीवर. सहा फुटाचा माणूस, गुडघे कोपराला लागलेले. पाहण्यासारखं होतं ते.

बेटावदच्या पुढं फुईनं खांद्यावर थाप मारली. "डावा हातले, ओटा."

देवळाचा ओटा, बरोबर सीटच्या मापाचा उंच. डावा पाय टेकला. फुई तिथंच उतरली, पाणी प्यायली, तिथूनच चढली. राणीसारखी. पुढं अमळनेरला पुलाचा कठडा. "आठे भाऊ रस पाजे." रस पाजला.

अमळनेर सोडल्यावर मात्र ती मान वळवून वळवून काहीतरी शोधायला लागली. मैलाचा दगड होता म्हणे, लिंबाखाली. लिंब पण नव्हता.

"बठ्ठा दगड रोडमा गयात," ती म्हणाली.

आणि नेमक्या तिथंच मेंढ्या. पूर्ण रस्ताभर. ब्रेक लावला, गाडी थांबली, माझा पाय दगड शोधत हवेत फिरला. गाडी निघाली डावीकडे. मागे उजैर ओरडला.

फुई ओरडली नाही. झुकत्या गाडीवरून ती चालत्या बैलगाडीतून उतरावं तशी खाली सरकली, दोन्ही पाय रोवले आणि मागची कडी खांद्यानं तोलून धरली. गाडी थांबली. सांजोरी पण पडली नाही.

मेंढ्या गेल्या.

"फुई, लागलं का?"

"कसाना लागस? राजदूतवर भाऊले बी असंच धरू. दगड नही तठे मी शे ना."

तेव्हा ती विशीत असेल. आता सत्तरीजवळ. उजैरनं धावत येऊन हँडल धरलं तेव्हा ती त्याला म्हणाली, "तू उंच शे ना रे, मंग बुटकानी गाडी कसाले लेस?" तो म्हणाला, "फुई, आता नाही लेस," आणि कंबर धरून उभा राहिला.

धरणगावला मी नानांना फोन लावून दिला. फुई नेहमीसारखी ओरडून बोलली, जसं काय फोनवर नाही, शेताच्या बांधावरून.

"भाऊ, निंघनूत! गाडी उच्ची शे. आयकस ना? उच्ची!"

तिकडून नानांनी लगेच फोन ठेवला.

जळगाव ओलांडून आमच्या गावात, असोद्यात शिरताना मी वेग वाढवणार होतो, तिनं थाप मारली. "हळू. बठ्ठासले दिसू दे." मग आम्ही वरातीसारखे आलो. बायका दारात येत होत्या, फुई कढईतून हात करत होती.

घरासमोर आलो. मी आधीच घाबरलो होतो, कारण आमच्या दारात ओटा नाही, उतार आहे.

मोरीतला कपडे धुवायचा दगड दारासमोर होता. मी जन्मल्यापासून तो मोरीतच बघितलाय. आईला तो हलत नाही, मला हलत नाही. मोरीपासून दारापर्यंत अंगणात ओला ओरखडा उमटला होता. मधे मधे तुटक. तिथं दम घ्यायला थांबले असतील.

नाना दाराला टेकून उभे होते. सदरा भिजलेला. उजवा हात मातीनं भरलेला, डावा तसाच.

मी गाडी बाजूला घेतली. दगड बरोबर तिथं होता जिथं माझा डावा पाय पडला.