ते आपल्याबद्दल नाही

शनिवारची सकाळ होती. बाहेर पाऊस भुरभुरत होता, सुनेत्रा पोह्यांवर खोबरं पेरत होती आणि तिचा नवरा गुरुनाथ संध्याकाळच्या शालीची घडी चौथ्यांदा मोडून घालत होता. अमेरिकेत रेडमंडजवळच्या आमच्या गावात त्या दिवशी मराठी मंडळाची दिवाळी होती, आणि केलरसाहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरला होता.

केलर म्हणजे ‘गाव आधी’ या नव्या पक्षाचा नगरपालिकेचा उमेदवार. बाहेरून आलेल्यांनी गाव बिघडवलं, हे त्याचं एकच भाषण. मग आमच्या मंडळाचा अध्यक्ष गुरुनाथ त्याच्या नादी का लागला? ग्रीन कार्डासाठी चौदा वर्षं रांगेत काढलेला माणूस तो. केलरनं त्याला सभेत पहिल्या रांगेत बसवलं, ‘सर’ म्हटलं, ‘तुमच्यासारखे कष्टाळू लोक आम्हाला हवेत’ असं सांगितलं. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी!

बेल वाजली. शेजारची म्हातारी मार्गारेट रेनकोटमध्ये निथळत दारात उभी होती. टपालानं आलेलं पक्षाचं पत्रक तिनं पुढे केलं. ‘तुम्ही हे बघायला हवं,’ एवढंच इंग्रजीत म्हणून ती मान खाली घालून परत गेली.

आपल्या लोकांच्या घरी त्याच पक्षाचं ‘हॅपी दिवाली’चं पत्रक आलं होतं. इतरांच्या घरी गेलेलं हे वेगळं होतं. यावर आमच्या गणपतीची मिरवणूक होती. पुढे नऊवारीत ताशा वाजवणारी सिया, गुरुनाथ-सुनेत्राची चौदा वर्षांची मुलगी. वर ठळक अक्षरांत प्रश्न: हे गाव अजून तुमचं आहे का?

‘‘हा फोटो त्यांच्याकडे कसा गेला?’’ सुनेत्रानं विचारलं.

‘‘मीच पाठवला. फेस्टिव्हलचे फोटो मागितले होते यार त्यांनी. वाटलं, वेबसाइटवर टाकतील.’’

त्यानं तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर. पक्षाचा माणूस हसला. ‘मनाला लावून घेऊ नका सर. ते तुमच्याबद्दल नाहीच.’

सिया जिन्यात उभी होती. ‘‘Same line, बाबा. तू मला सेम हेच म्हणाला होतास.’’

गेल्या महिन्यातल्या पत्रकावर लूसियाचा फोटो होता. सियाची वर्गमैत्रीण, आईबरोबर बसस्टॉपवर उभी. खाली ओळ होती: ‘हे रांग मोडून आले.’ ती इथेच जन्मली आहे, असं सिया रडून सांगत होती. ‘‘अगं, ते आपल्याबद्दल नाही,’’ असं म्हणून गुरुनाथनं मंडळाची माणसं जमवली आणि चारशे घरी ते पत्रक वाटलं.

आता त्याला वर बघवेना. ‘‘सत्कार कॅन्सल करतो. लूसियाच्या घरी जाऊन माफी मागतो. ॲड्रेस दे.’’

‘‘They moved. लोक त्यांच्या घराचे फोटो काढायला लागले होते. तिनं मला बाय पण नाही केलं.’’

सुनेत्रानं गॅस बंद केला. पोहे कुणीच खाल्ले नाहीत.

संध्याकाळी शाल घडीतच राहिली. गुरुनाथनं मंचावर दोन्ही पत्रकं हातात धरून हे सगळं सांगितलं, स्वतःला कुठेही न वाचवता. शेवटी विचारलं, ‘‘लूसियाचं पत्रक वाटायला माझ्याबरोबर कोण कोण होतं?’’

दोनशे माणसं होती. एकही हात वर गेला नाही. मी तिसऱ्या रांगेत होते. त्या चारशेंतली पन्नास घरं माझ्या वाट्याची होती, आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधत बसले.

तो हात मी आज वर करते आहे.