बाहेरून कुलूप

माझ्या मनात एक घर आहे. गेली अठरा-वीस वर्षं कणीक मळता मळता मी ते बांधलं. एकच खोली, खिडकी जामसांवलीच्या रस्त्याकडं, एक खाट, एक ताट, एक कप. घड्याळ नाही. "मम्मी, माझा चार्जर कुठाय?" असं तिथं कोणी ओरडत नाही. मी उन्हं डोक्यावर आली की झोपते, जाग आली की फुटाणे खाते, पुस्तक वाचते, पुन्हा झोपते. वेळ संपतच नाही.

फेब्रुवारीत ह्यांच्या मामेभावाच्या मुलीचं लग्न निघालं, बिलासपूरला. चार दिवस. मी लगेच कंबरेवर हात ठेवला.

"माझ्यानं एवढा वेळ गाडीत बसवणार नाही."

आमचे हे, म्हणजे श्रावणराव, काळजीनं बघत म्हणाले, "एकटी राहशील?"

"राहीन कशीतरी," मी म्हणाले. त्या 'कशीतरी'मधला आनंद लपवताना कंबर खरंच दुखायला लागली.

प्रश्न घरच्यांचा नव्हता, गल्लीचा होता. सौंसरच्या आमच्या गल्लीत एकटी बाई म्हणजे उघडं राहिलेलं ताट. कोणी ना कोणी झाकायला येतंच. दोन वर्षांपूर्वी हे सगळे असेच गेले होते, तेव्हा प्रतिभाबाईंनी सोबतीला आपली लेक धनश्री पाठवली, मालतीनं कढी आणली आणि कढी संपेपर्यंत समोर बसली. "एकटीले घर खायले उठते गं," असं म्हणत तिघी-चौघी रोज येऊन मला खात होत्या.

म्हणून यावेळी मी गल्लीत सांगितलं, मीही माहेरी पांढुर्ण्याला चालली. गुरुवारी सकाळी सगळ्यांच्या देखत दाराला कुलूप लावलं आणि पिशवी घेऊन बस स्टँडवर गेले. ह्यांना वाटलं, पिशवी भाजीसाठी आहे. बस हलल्यावर मुलांना, प्रज्ञा आणि स्वप्निलला, हात केला, आणि मागच्या बोळातून, नालीवरून उडी मारून, मागच्या दारानं स्वतःच्याच घरात शिरले. तेवढ्यापुरती कंबर एकदम चांगली होती.

पहिला तास स्वर्गात गेला. मग लक्षात आलं, की बाहेरून कुलूप असलेल्या घरात टीव्ही लागत नाही. मिक्सर लागत नाही. कुकरची शिटी होत नाही. आमचा पंखा खडखडतो, म्हणून तोही नाही. फोनचा आवाज बंद करून गादीखाली ठेवला. रोज सकाळी तो काढायचा, रजईत शिरून ह्यांच्याशी पुटपुटत बोलायचं, पुन्हा गादीखाली.

राहिलं पुस्तक. वाचनालयातून जाडजूड कादंबरी आणली होती, एका बाईची, जी नवऱ्याला न सांगता गाव सोडते. पण मी शाळेत आठवीपर्यंतच गेलेली, पुढचं सगळं आपलं आपण वाचून शिकले. मला ओठ हलवल्याशिवाय वाचता येत नाही, आणि ओठ हलले की आवाज निघतोच. तरी वाचत बसले, हळूहळू.

अकराच्या सुमाराला ओट्यावर कोणीतरी बसलं. दाराच्या फटीतून पाहिलं तर समोरच्या पुष्पाताई. घरात सासू, नवरा, दोन मुलं, सून, तीन नातवंडं. त्यांच्या घरी संडासाच्या दारालाही कोणीतरी बाहेरून हाक मारत असतं. त्यांनी माझ्या दाराला पाठ टेकली, पाय पसरले आणि मोठा सुस्कारा सोडला.

"आजी!" समोरून नातू ओरडला.

"वैशालीच्या घरावर लक्ष ठेवून राहिलो रे!" त्या ओरडल्या, आणि डोळे मिटले.

मी पुस्तक मिटलं. हलले असते तर बांगड्या वाजल्या असत्या, म्हणून दाराला पाठ लावून आतून मीही खाली बसले. मधे एक फळी. त्यांना निवांत बसता यावं म्हणून मी माझ्याच घरात श्वास रोखून बसले होते. याच्यापेक्षा कढी बरी होती.

शुक्रवारी त्या पुन्हा आल्या. दीड तास.

शनिवारपर्यंत मी फुटाणे, ब्रेड आणि दोन संत्र्यांवर होते. फुटाण्यांचं नाव काढलं तरी दात दुखत होते. मनातल्या घरात मी काय शिजवते, याचा विचार मी वीस वर्षांत कधी केलाच नव्हता. दुपार झाली, पुष्पाताई दिसल्या नाहीत. म्हटलं, झुणका टाकावा. तेल तापवलं, लसूण टाकला, लाल मिरची टाकली आणि मिरची जळाली.

ठसका असा आला, की पदराचा बोळा तोंडात कोंबावा लागला. आणि त्याच क्षणी बाहेरूनही कोणी खोकलं. पुष्पाताई! कधी येऊन बसल्या होत्या, कळलंच नाही.

"कोणाची फोडणी जळाली बाई?" रस्त्यावरून प्रतिभाबाईंचा आवाज आला.

"आमच्या सुनेची," पुष्पाताई खोकत म्हणाल्या. "तिले सांगून सांगून थकलो."

बिचाऱ्या, मला वाटलं. एवढ्या वर्षांत स्वतःच्या घरचा वास ओळखता येत नाही.

प्रतिभाबाई पुढं गेल्या. इतक्यात पुष्पाताईंचा फोन वाजला. त्या फोन नेहमी स्पीकरवर घेतात, त्यामुळं आमच्या ह्यांचा आवाज मला दारातून स्वच्छ ऐकू आला.

"वहिनी, वैशाली फोन उचलून नाही राहिली. सकाळपासून सात वेळा केला. कंबर दुखते तिची, पडलीबिडली तर नाही? जरा पाहा ना. नाही तर आम्ही आत्ताच निघतो."

सकाळी फोन करायचा राहिला होता. आता पुष्पाताई म्हणतील, ती तर पांढुर्ण्याले गेली. हे माझ्या भावाला फोन करतील. भाऊ म्हणेल, इकडं आलीच नाही. तिघं लग्नाच्या पंगतीतून उठून पळतील, गल्ली कुलूप फोडेल आणि आत मी झुणका घेऊन उभी. त्यानंतर जन्मात माझ्या कंबरेवर कोणी विश्वास ठेवणार नाही. मी दार ठोठावायला हात उचलला.

"आहे ना भाऊ," पुष्पाताई म्हणाल्या. "आत्ता तर फोडणी दिली तिनं. फोन कुठंतरी दाबून ठेवला असन. तुम्ही निवांत जेवा. मी सांगतो तिले फोन कराले."

माझा हात वरच राहिला.

फोन बंद झाला. पुष्पाताई मागं न वळता म्हणाल्या, "ओ पांढुर्णेवाली."

मी पदराचा बोळा आणखी आत कोंबला.

"खोकून घे आधी. मरशील."

मी खोकून घेतलं. मग फटीशी तोंड नेऊन विचारलं, "ताई, तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारीच. कुलूप लावलेल्या घरात कोणी पुस्तक वाचते काय? दोन पानं ऐकली मी."

"मग बोलल्या काहून नाही?"

"बोललो असतो तर तू आत घेतलं असतं. आत घेतलं असतं तर चहा केला असता. मग बसलो असतो दोघी गप्पा हाकत, अन् सून आली असती बोलवाले." मग त्या म्हणाल्या, "तीन दिवस मले कोणी काही मागितलं नाही, वैशाली. तू आत जराही हलली नाही, एवढं केलं तू माझ्यासाठी."

मी तीन दिवस मनात त्यांना काय काय म्हणत होते, ते गिळलं.

"ऊन आलं आता ओट्यावर," त्या म्हणाल्या. "मागचं दार उघड. घरी सांगतो, वैशालीचं कुलूप कच्चं निघालं, दिवसभर राखत बसा लागन."

आधी ह्यांना फोन केला, कंबर बरी असल्याचं सांगितलं. मग पुष्पाताई नालीवरून उडी मारून आल्या, पंचावन्नाव्या वर्षी. जळका झुणका दोघींनी बोटं चाटून खाल्ला. त्या माझ्या खाटेवर आडव्या झाल्या.

"बोलू नको हं माझ्याशी," त्या म्हणाल्या.

"नाही बोलत."

पाच मिनिटं गेली.

"त्या पुस्तकातल्या बाईचं काय झालं गं मग?"

"आता सांगू?"

"सांगू नको. वाच. अन् जरा मोठ्यानं, फळीतून शब्द सुटून राहिले होते."

रविवारी दुपारी मी पिशवी घेऊन मागच्या दारानं निघाले आणि गल्लीच्या देखत पुढचं कुलूप उघडलं. संध्याकाळी सगळे आले. "कंटाळली असशील ना एकटी?" ह्यांनी विचारलं. मी म्हणाले, "लय."

प्रज्ञा स्वयंपाकघरातून ओरडली, "मम्मी, एकटीच होतीस तर दोन कप कसे उपडे?"

"एकटीनं दोनदा चहा पिऊ नये काय?"

मनातल्या घरात मी आता दुसरी खाट टाकली आहे. खिडकीपासून जरा लांब, म्हणजे बोलणं होणार नाही. कपही एक वाढवला. पुष्पाताई म्हणतात, खिडकी पाहिजेच कशाला, दाराला फट असली म्हणजे झालं.