चाळणीची वीस मिनिटं

इल्पोने पाकिटातून एक छोटं कार्ड काढलं आणि बहिणीच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवलं.

"बघ, तुझी काच. आता मीसुद्धा तुमच्या कारखान्याचा माल झालो," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. त्याच्या विनोदांना पहिलं हसायचं काम त्यालाच करावं लागे.

सिर्पाने चष्मा लावला. शरीरात काही बसवलं की इस्पितळ असं कार्ड देतं: काय बसवलं, कुठे, कधी आणि कोणत्या घाण्यातलं, म्हणजे एका वेळी काढलेल्या कोणत्या मालातलं. खाली चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीवर घाण्याचा क्रमांक होता. असे क्रमांक ती रोज लिहीत असे, त्यामुळे पहिल्या चार आकड्यांतली तारीख तिने न वाचताच वाचली. वीस जून. म्हणजे युहान्नुसच्या, ऐन उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाच्या, आदल्या दिवशीचा घाणा.

वेलचीच्या पावाचा तुकडा तोंडात तसाच राहिला.

"काय गं? तुझ्या हातचा नाही का?"

"आहे की. माझ्याच हातचा आहे," ती म्हणाली आणि कार्ड परत सरकवलं.

सालो गावातला मोबाइलचा मोठा कारखाना बंद पडला तेव्हा सिर्पा रस्त्यावर आली होती. तिथून ती या लहानशा कारखान्यात आली. चौदा माणसं, एक भट्टी. भट्टीत वाळू, चुना आणि आणखी दोन-तीन भुकट्या एकत्र वितळवून काच करायची, ती फोडायची, दळायची आणि चाळायची. उरतात ते जाड्या रव्यासारखे पांढरे दाणे. हाडात पोकळी पडली की सर्जन ते दाणे रक्तात कालवून पोकळीत भरतात. दाण्यांमधल्या फटींतून रक्त फिरतं, दाण्यांच्या आधाराने नवीन हाड चढतं आणि ही काच जंतूंनाही नांदू देत नाही. चाळणीवर सिर्पा होती. अकरा वर्षांत तिच्या चाळणीबद्दल कोणाची तक्रार आली नव्हती आणि ही गोष्ट ती विषय नसतानाही सांगत असे.

इल्पो तिचा थोरला भाऊ. तीन वर्षांपूर्वी झाड तोडताना त्याची नडगी मोडली. हाड जुळलं, पण आत पू धरला. जखम मिटायची आणि पुन्हा फुटायची. सप्टेंबरमध्ये डॉक्टर म्हणाले, सडलेलं हाड खरवडून काढायचं आणि पोकळी भरायची. भरायला कमरेचं हाड काढता येईल, हाडांच्या पेढीतून कोणाचं दान केलेलं घेता येईल, नाहीतर काच. आणि हे शेवटचं. या वेळी पू परत आला तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल.

"कंबरेला कशाला भोक पाडून घेतोस?" तेव्हा सिर्पाच म्हणाली होती. "आणि परक्याचं हाड तरी कशाला? आमची काच घे. डोळे मिटून घे."

त्याने डोळे मिटून घेतली होती.

गाडी चालवत घरी येताना तिला वीस जून अख्खा दिसत होता. युहान्नुसच्या आदल्या दिवशी फिनलंडमध्ये दुपारनंतर काम करणारा माणूस शोधून सापडत नाही. सगळं गाव बेटांवर निघालेलं, फेरीबोटींना रांगा. इल्पो तिला न्यायला साडेअकरालाच फाटकाशी आला होता. त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर नवे बटाटे आणि हेरिंग माशांची बरणी होती आणि हात हॉर्नवर. पीं पीं पीं. चाळणी चालू होती. वीस मिनिटं हलवायची असा नियम. बारीक भुकटी खाली गळून जायला तेवढा वेळ लागतोच.

नोंदीच्या कागदावर वेळेच्या रकान्यात 'वीस' तिने सकाळीच लिहून ठेवलं होतं. नेहमी वीसच असतात, मग नंतर लिहा नाहीतर आधी लिहा. सगळेच असं करायचे. पुन्हा हॉर्न वाजला. तिने बटण बंद केलं.

किती मिनिटं झाली होती? दहा? बारा?

तपासणीचा नमुना चाळलेल्या दाण्यांच्या बरणीच्या वरून, मधून आणि तळातून घ्यायचा असतो. तिने तिन्ही चमचे वरूनच घेतले. भुकटी नेहमी तळाशी जाऊन बसते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? वरचा नमुना पास झाला. घाणा पाकिटांत भरला गेला, निर्जंतुक झाला आणि बाहेर पडला. त्यातलं एक पाकीट तिच्या सख्ख्या भावाच्या नडगीत जाऊन बसलं. भुकटी जास्त असली की ती दाण्यांच्या फटी बुजवते, रक्त आत शिरत नाही आणि पोकळी पोकळीच राहते. मग पू येतो. आणि मग पाय जातो.

पुढचे चार दिवस तिचं कशात लक्ष लागेना. खिडक्या धुतल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच पुन्हा धुतल्या. अळंब्या काढायला रानात गेली आणि भरलेली टोपली रानातच विसरून आली. इल्पोला रोज फोन. "पाय कसाय? गरम लागतो का? लाल झालाय?"

"अगं, तू बहीण आहेस की थर्मामीटर? पायाला काही झालं तर पाय फोन करेल तुला."

ती मनाची समजूत घालत होती. बारा मिनिटंसुद्धा पुरत असतील. वीसचा नियम कोणीतरी ऑफिसात बसूनच केला असेल ना? त्याचं पाकीट बरणीच्या वरच्या भागातलं असेल. आणि बोलून फायदा काय, काच तर आत गेलीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण चोराच्या मनात चांदणं. कारखान्यात कोणी नुसतं "सिर्पा" अशी हाक मारली तरी ती दचकायची.

खात्री करायची एकच वाट होती. प्रत्येक घाण्याचं शेवटचं पाकीट कपाटात राखून ठेवतात, बरणीच्या तळातून भरलेलं. ते फोडून चाळलं की सगळं कळलं असतं. पण कपाटाची किल्ली होती गुनिल्लाकडे. गुनिल्ला तपासणी विभागाची प्रमुख, उंच, स्वीडिश बोलणाऱ्या घरातली. वर्षातून दोनदा हसायची, त्यातलं एकदा नाताळला.

गुरुवारी जेवणाला वाटाण्याचं सूप होतं, दर गुरुवारी असतं तसं. सिर्पा थाळी घेऊन गुनिल्लासमोर बसली.

"युहान्नुसच्या आदल्या दिवशीचा घाणा," ती म्हणाली. "मी पूर्ण चाळला नाही."

गुनिल्लाने चमचा खाली ठेवला. "किती मिनिटं?"

"दहा. फार तर बारा."

"कागदावर काय आहे?"

"वीस."

"आणि नमुना?"

"वरचा. तिन्ही चमचे वरचे."

गुनिल्ला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, सूप तसंच टाकलं आणि खिशातून किल्ली काढली. "चल."

दोघींनी मिळून पाकीट फोडलं, चाळलं आणि भुकटी तोलली. शंभरात पाचपर्यंत चालते. निघाली अकरा.

तराजूवरचा तो ढीग चिमटीत मावेल एवढाच होता.

"लेखी दे. सगळं. आत्ताच," गुनिल्ला म्हणाली. आणि तराजू पुसताना, "तू आली नसतीस तर मला कळलं नसतं. पण म्हणून शाबासकी देणार नाही मी."

"माझा भाऊ त्यात आहे," सिर्पा म्हणाली.

"म्हणून आलीस?"

सिर्पाने लिहायला कागद ओढला. म्हणूनच आली होती. कार्डावर दुसऱ्या कोणाचं नाव असतं तर तो आकडा तिच्या डोळ्यांपुढे आलाही नसता. कुठल्याशा गावातला कुठलासा पाय. तिला स्वतःचीच किळस वाटली.

चाळीस पाकिटं गेली होती. एकतीस परत मागवली. नऊ माणसांच्या हाडांत होती. काच अशी उपसून काढत नाहीत. रक्त तपासायचं, दर महिन्याला एक्स-रे काढायचा आणि वाट पाहायची, असं डॉक्टरांनी ठरवलं. नऊ जणांना पत्रं सोमवारी निघणार होती. सिर्पाला चाळणीवरून काढून मागच्या खोलीत रिकाम्या बरण्या धुवायला बसवलं. लेखी ताकीदही मिळाली.

शनिवारी ती इल्पोकडे केमिओ बेटावर गेली. तो स्टुलावर बसून, आजारी पाय पुढे पसरून, सरपण रचत होता.

"आलीस? घे, दोन ओंडके उचल. फुकट कॉफी नाही मिळत इथे."

"इल्पो, आधी ऐकून घे." तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मिनिटं, चमचे, अकरा. एकही गोष्ट गाळली नाही. मध्येच नाक पुसत ती पुढे बोलत राहिली.

इल्पोने हातातला ओंडका रचला. मग आणखी एक रचला.

"फेरी कितीची होती?" त्याने विचारलं.

"बारा-चाळीसची."

"आपण धक्क्यावर कधी पोचलो?"

तिला आठवलं. तिला सगळं आठवत होतं. "बाराच्या आसपास."

"चाळीस मिनिटं उभे होतो आपण तिथे," इल्पो म्हणाला. "मी आइस्क्रीम खाल्लं. तू म्हणालीस, मला अर्धं दे. मी दिलं नाही."

"बटण माझ्या हातात होतं. तुझ्या नव्हतं."

"हॉर्न माझ्या हातात होता की." त्याने पायावरून हात फिरवला, बँडेजच्या कडेकडेने. "माझं एक वेळ ठीक आहे, सिर्पा. पण ते बाकीचे आठ? त्यांनी कुठे हॉर्न वाजवला होता?"

ती ओंडक्यांवरच बसली आणि रडली. त्याने तिला गप्प केलं नाही. बऱ्याच वेळाने उठून काठी टेकत आत गेला आणि कॉफी टाकली.

नोव्हेंबरच्या अखेरीस त्याचा एक्स-रे झाला. सिर्पा सोबत गेली. पडद्यावर नडगीतले दाणे तांदळासारखे दिसत होते आणि त्यांच्यामध्ये धुरकट काहीतरी धरत होतं.

"हे हाड," डॉक्टर बोट ठेवून म्हणाली. "रक्तही चांगलं आहे. तुमचं पाकीट बरणीच्या वरचं असावं. नशीबवान आहात."

"बाकीच्यांचं काय?" इल्पोने विचारलं.

"दुसऱ्या रोग्यांचं मला सांगता येत नाही."

"सांगू नका. पण आहे ना कोणीतरी?"

डॉक्टरने पडदा बंद केला. "पुढच्या महिन्यात पुन्हा या," ती म्हणाली.

सिर्पाला नंतर कारखान्यात कळलं, गुनिल्लाकडून. उत्तरेकडची एक बाई. पू परत आला, पाय पुन्हा उघडला. पाय राहणार की जाणार, अजून कोणी सांगत नव्हतं. नाव कारखान्याला कळवत नाहीत, फक्त पाकिटाचा क्रमांक कळवतात. चाळीसपैकी अडतिसावं. तळातलं.

सिर्पाने ते इल्पोला फोनवर सांगितलं. "हं," तो म्हणाला. मग, "वय काय तिचं?"

"माहीत नाही."

"हं."

पाच डिसेंबरला, फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, पुन्हा सगळ्यांना घरी जायची घाई झाली होती. दुपारी दोनपर्यंत कारखाना रिकामा झाला. चाळणीवरचा दुसरा माणूस तापाने पडला होता आणि घाणा थांबवता येत नव्हता, म्हणून गुनिल्लाने सिर्पाला मागच्या खोलीतून बोलावलं होतं. "मी इथेच बसते," ती म्हणाली आणि खरोखरच खुर्ची ओढून दाराशी बसली. वेळेचा रकाना आता कोरा ठेवायचा आणि चाळणी थांबल्यावर दोघींनी सही करायची, असा नवा नियम झाला होता.

चाळणी घरघरत होती. सिर्पाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ मिनिटं झाली होती. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं.

फाटकाशी इल्पोची गाडी उभी होती. कधी आली होती कोण जाणे, टपावर बोटभर बर्फ साचला होता. इंजिन बंद होतं. इल्पो आत बसला होता, टोपी कानांवर ओढून, हात काखेत घालून. त्याच्या श्वासाची वाफ काचेवर धरली होती. त्याने तिला खिडकीत पाहिलं आणि मान फिरवून दुसरीकडे बघू लागला, जणू त्याला कुठेच जायचं नव्हतं.

"तुझा भाऊ गारठेल," गुनिल्ला म्हणाली. "त्याला आत बोलव."

"नाही येणार तो."

दहा मिनिटं. अकरा. बारा. बाराव्या मिनिटाला सिर्पाचा हात आपसूक बटणाकडे गेला आणि तिने तो मागे घेऊन पाठीशी धरला. चाळणी हलत राहिली, खाली भुकटी गळत राहिली, बाहेर बर्फ पडत राहिला आणि हॉर्न काही वाजला नाही.

वीस झाली तेव्हा गुनिल्लाने मान हलवली. सिर्पाने बटण दाबलं नाही. ती अडतिसाव्या पाकिटाचा विचार करत होती. तिने आणखी दोन मिनिटं जाऊ दिली, मग चाळणी थांबवली, पेन उचललं आणि कोऱ्या रकान्यात 'बावीस' लिहिलं.